पेलिंग डॉक्टरांची मधली खोली

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला. "सुधाताई, इतकी वर्षं इंग्लंडच्या खेड्यात डॉक्टरकी केलीत, तुमच्या करिअरबद्दल लिहा ना." म्हटलं, करिअर कसलं डोंबलाचं! सकाळी खोकला, दुपारी गुडघे, संध्याकाळी परत खोकला. कुठे शिकले, कुठल्या परीक्षा दिल्या, व्हिसा कसा मिळाला, हे माझ्या मुलीलासुद्धा ऐकायचं नसतं. मग वाचकांनी माझं काय घोडं मारलंय?

लिहायचंच तर एका घराबद्दल लिहिते. ते घर ज्यांनी बांधलं ते डॉक्टर एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. मी त्यांना पाहिलेलं असणं शक्य नाही. तरी सांगते, इतका आदर मला फार थोड्या डॉक्टरांबद्दल वाटलाय. जिवंत डॉक्टरांपैकी किती, ते विचारू नका. आमच्या मंडळात डॉक्टर पुष्कळ आहेत.

आता आम्ही लंडनमध्ये एजवेअरला मुलीजवळ राहतो. कोपऱ्यावर कोथिंबीर मिळते, कढीपत्ता मिळतो, सगळं सुखाचं आहे. पण माझी उमेदीची वर्षं गेली ती वेल्सच्या सीमेलगतच्या एल्मबरी नावाच्या खेड्यात. एक चर्च, एक पब, एक दुकान, आणि बाकी सगळ्या मेंढ्या. मी आणि माझा नवरा अविनाश तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा अविनाश म्हणाला, "सुधा, इथे माणसं आहेत ना? की तुला व्हेटची नोकरी दिलीय?"

तिथला दवाखाना, म्हणजे इथल्या भाषेत 'सर्जरी', एका जुन्या दगडी घराच्या अर्ध्या भागात होता. (इथे सर्जरी म्हणजे कापाकापी नव्हे. जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, बसतो ती जागा.) घराला दोन दारं. पुढचं मोठं दार घरच्यांचं, गुलाबाच्या वेलीखालचं. बाजूचं बुटकं दार पेशंटांचं. उंच माणूस आत येताना डोकं आपटायचाच, आणि मग दुखणं सांगायच्या आधी मला त्याचं कपाळ बघावं लागायचं. घराचे दोन भाग आतून एका चिंचोळ्या खोलीने जोडलेले होते. तिला दोन्हीकडे दार, मध्ये दगडी सिंक, भिंतीत कोट अडकवायचा एक जाडजूड हूक. आम्ही त्या खोलीत बादल्या, मॉप आणि हातमोज्यांची खोकी ठेवायचो. तिचा उपयोग काय होता, ते मी कधी विचारलं नाही.

हे घर जोसाया पेलिंग नावाच्या डॉक्टरांनी बांधलं. त्यांचा मुलगा डॉक्टर, नातू डॉक्टर. नातवाची मुलगी विनिफ्रेड. तिला मात्र डॉक्टर होऊ दिलं नाही, त्या काळी मुलींना कोण विचारतंय. मग तिने वडिलांच्या हाताखाली औषधं देण्याचं काम केलं, जन्मभर. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर घराचा दवाखान्याचा भाग आमच्या प्रॅक्टिसला भाड्याने दिला, आणि घराच्या भागात ती एकटी राहिली. मी गेले तेव्हाच ती सत्तरीकडे झुकलेली. सगळे तिला मिस पेलिंग म्हणायचे. मी मनातल्या मनात विनीबाई म्हणायचे, आणि यापुढे तेच म्हणणार आहे.

गावातले लोक थोरल्या पेलिंगांबद्दल, म्हणजे जोसायांबद्दल, असं बोलायचे की जणू ते गेल्या आठवड्यात वारलेत. सुरुवातीला मी फार वैतागायचे. एखाद्या म्हातारीला म्हटलं, "उद्या सर्जरीत या," की तिने म्हणायचं, "पेलिंग डॉक्टर घोड्यावरून घरी यायचे म्हणे." अहो, तो माणूस तुमच्या पणजीच्या वेळचा! आणि माझ्याकडे घोडा नाही, फोर्ड आहे! पण माझाही स्वभाव असा की कुणी डिवचलं की करून दाखवायचं. मी होम व्हिजिटला जायला लागले. मेलेल्या माणसाशी स्पर्धा लावली म्हणा ना.

आणि त्यातच मी डॉक्टर झाले, खरं सांगते. पेशंट सर्जरीत येतो तेव्हा तो तयारी करून आलेला असतो, धुतलेला शर्ट घालून, थोडं खोटं बोलायला सज्ज. त्याच्या घरी गेलं की सगळं उघडं पडतं. फ्रिजमध्ये काय आहे, जिना चढतो की सोफ्यावर झोपतो, गोळ्यांची पाकिटं फोडलेली तरी आहेत का. टज नावाचा एक शेतकरी होता. त्याची बायको फोन करायची, "छातीत दुखतंय म्हणतो, पण लॅम्बिंग संपल्याशिवाय येणार नाही." लॅम्बिंग म्हणजे मेंढ्या वितात तो हंगाम. मी गोठ्यात जाऊन त्याला तपासलं, तेव्हा त्याचा एक हात मेंढीत होता. म्हटलं, "मिस्टर टज, तो हात काढा, मला बीपी घ्यायचंय." तो म्हणाला, "डॉक्टर, हा हात बिझी आहे, दुसरा घ्या." मी दुसरा घेतला. कोकरू झालं आणि मगच तो ॲम्ब्युलन्समध्ये चढला. वाचला. दर ईस्टरला आमच्या दाराशी मटणाची तंगडी ठेवून जायचा. हे मला एसी क्लिनिकमध्ये बसून मिळालं नसतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

कोविड आला. आमची सगळ्यांची तारांबळ उडाली. एक दिवस विनीबाईंनी खिडकीतून मला हाक मारली. नव्वदी गाठलेली, पाठ वाकलेली, पण आवाज खणखणीत. "डॉक्टर, मधली खोली रिकामी करून हवी. तुमच्या बादल्या काढा." मी काढल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुढच्या दाराला आतून कडी लावली. कुणीही येवो, त्याने सर्जरीच्या बाजूने, मधल्या खोलीतून यायचं. तिथे कोट काढायचा, हात धुवायचे, मग आतलं दार उघडायचं. मी रोज सर्जरी संपली की त्यांना बघायला जायचे. मी सिंकपाशी असताना त्या आतल्या दाराच्या काचेपलीकडे उभ्या असायच्या, पण हात धुऊन होईपर्यंत चकार शब्द बोलायच्या नाहीत. मी "गुड ईव्हनिंग" म्हटलं तरी नाही. बोटाने नळ दाखवायच्या.

मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. का, ते सांगते. कराडला आमचं घर दोन खोल्यांचं, मागे मोरी. मी मेडिकलला होते तेव्हा हॉस्पिटलमधून घरी आले की आई मागच्या दाराशी बादली भरून ठेवायची. "आधी अंघोळ, मग बोल." आणि अंघोळ होईपर्यंत हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी चिडायचे. म्हणायचे, "आई, मी मायक्रोबायॉलॉजी शिकतेय, तू मला शिकवू नकोस." आत चिडीचूप. त्यामुळे विनीबाई गप्प राहिल्या तर मला वाटलं, असतं एकेकाचं. कोविड ओसरला, लोकांनी मास्क टाकले, पण विनीबाईंची कडी तशीच राहिली, आणि मीही रोज हात धुऊनच आत जात राहिले.

मग एका थंडीत त्या स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण सकाळपर्यंत फरशीवर पडून होत्या. हृदय आधीच थकलेलं. त्यांचा भाचा जेरेमी लंडनहून धावत आला. विनीबाई त्याच्या आत्या. जेरेमी हिशेबनीस, पन्नाशीतला, सज्जन माणूस. लोकांना वाटतं अशा गोष्टीत भाचा घरावर डोळा ठेवून असतो. हा तसला नव्हता. तो खरोखर घाबरला होता. त्याचं म्हणणं, आत्याला नर्सिंग होममध्ये हलवायचं. विनीबाईंचं म्हणणं एकच, "मी या घरात जन्मले, मी इथेच मरणार."

इथे कायदा असा आहे. माणसाला निर्णय समजतो का, लक्षात राहतो का, त्याची दोन्ही बाजूंनी तुलना करता येते का, आणि तो सांगता येतो का, हे तपासतात. ते जमत असेल तर निर्णय कितीही वेडपट असो, तो त्याचाच. जमत नसेल तर इतरांनी त्याच्या भल्याचं ठरवायचं. मला हा कायदा फार आवडतो. मूर्खपणा करण्याचा हक्क लेखी दिलाय! पण याचा अर्थ असा की विनीबाईंचं राहिलेलं सगळं आयुष्य या एका तपासणीवर अडकलं होतं. तपासणी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सोशल वर्करने करायची, आणि तिने माझं मत मागितलं होतं. तिचं नाव कॅरन. कामाने दमलेली, मायाळू मुलगी.

तिघं माझ्या खोलीत बसलो. कॅरन म्हणाली, "डॉक्टर, मला वाईट वाटतं, पण मी दोनदा भेटले. मी बोलते, त्या नुसत्या बघतात. नाव विचारलं, उत्तर नाही. आज कोणता वार, उत्तर नाही. भिंतीकडे बोट दाखवतात. शेवटी मी परत गेले."

जेरेमीने मान हलवली. "माझ्याबाबतीत तेच. मी लंडनहून एवढा येतो, ती मला ओळखतच नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघते. मग थोड्या वेळाने एकदम ठीक होते, माझ्या मुलींची नावंसुद्धा घेते. हे येणं-जाणं असतं ना डिमेन्शियात?"

असतं, तसंही असतं. रोज भेटणारी मी, आणि माझ्या लक्षात आलं नाही? माझ्याशी तर त्या क्रिकेटवर वाद घालायच्या. मग मी सहज विचारलं, "जेरेमी, ती ठीक होते तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"काही नाही. चहा करून देतो."

"चहा करायच्या आधी?"

"आधी काय? किटली लावतो. हात धुतो—"

आणि मला हसू फुटलं. भलत्या वेळी हसणं हा माझा जुना दोष आहे, पण आवरेना. दोघं माझ्याकडे बघतच राहिले. मी कॅरनला विचारलं, "मधल्या खोलीत तू हात धुतलेस?"

"मी गाडीतच हातांना सॅनिटायझर लावलं होतं," ती म्हणाली.

"अगं, ते त्यांना कसं दिसणार!"

मी दोघांना घेऊन मधल्या खोलीत गेले. "काही बोलू नका, माझ्या मागून करा." कोट हुकाला लावला, हात धुतले. मग कॅरनने धुतले. मग जेरेमीने. काचेपलीकडे विनीबाई वॉकरला धरून उभ्या. आतलं दार उघडलं मात्र, त्या म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, डॉक्टर. गुड मॉर्निंग, कॅरन, आज मंगळवार आहे. जेरेमी, तू बारीक झालायस."

कॅरन चाट पडली. जेरेमी धपकन खुर्चीत बसला.

मी म्हटलं, "विनिफ्रेड, हात धुऊन होईपर्यंत तुम्ही बोलत का नाही? यांना वाटलं तुम्हाला काही कळेनासं झालंय."

त्यांनी जेरेमीकडे बघितलं. "तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं नाही?"

"बाबा या घराबद्दल कधी बोललेच नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. थोरले पेलिंग तरुण असताना या भागात घटसर्पाची साथ आली. लहान मुलांचा घसा बंद करणारा तो रोग. आज लस आहे म्हणून आपण त्याचं नावही विसरलोय. डॉक्टर घरोघर घोड्यावरून फिरत होते, मुलांच्या घशात बघत होते. तेव्हा बहुतेकांना वाटायचं, रोग घाणेरड्या हवेतून येतो. एका संध्याकाळी ते घरी आले, बायकोला हाक मारली, आणि बाबांचा आवाज ऐकून त्यांच्या दोन मुली धावत येऊन त्यांच्या कोटाला बिलगल्या. आठवडा संपायच्या आत दोन्ही मुली गेल्या.

"ते म्हणाले, मीच आणलं," विनीबाई म्हणाल्या. "कुणी कितीही समजावलं तरी. बायको म्हणाली, आता जाऊ नका लोकांकडे. ते म्हणाले, जाणार. त्यांच्याही घरात मुलं आहेत. मग त्यांनी गवंडी बोलावून घर मधोमध तोडलं आणि ही खोली बांधली. आणि नियम केला. बाहेरून आलेल्या माणसाने धुऊन होईपर्यंत बोलायचं नाही, आणि घरातल्याने त्याच्याशी बोलायचं नाही. कारण आवाज ऐकला की मूल धावत येतं."

माझे डोळे भरून आले, लपवले नाहीत. मी कित्येक वर्षं त्या खोलीत मॉप ठेवले होते! आणि एक माणूस, ज्याची स्वतःची दोन लेकरं त्या कामाने नेली, तो दुसऱ्या दिवशी परत घोड्यावर बसला. मी नसते बसले. मला माझी मुलगी आठवली आणि मी नक्की नसते बसले. मग मला आई आठवली, मोरीच्या दाराआड गप्प बसलेली. तिला कुणी सांगितलं असेल, तिच्या घरात कोण गेलं असेल, मी कधी विचारलं नाही. आता ती नाही. वाईट याचंच वाटतं.

"पण आन्टी, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" जेरेमीने विचारलं.

"तू विचारलंस कधी? तू येतोस आणि सरळ नर्सिंग होमचं बोलायला लागतोस. आणि घरच्या माणसाला काय सांगायचं असतं? आम्ही लहान होतो तेव्हा पाळायचो, मग औषधं आली, लशी आल्या, सोडून दिलं. कोविड आला, परत सुरू केलं. मी म्हातारी आहे, आता या घरात जपायचं ते मलाच."

कॅरनने तिचे प्रश्न विचारले. विनीबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. "मी परत पडेन, हे मला कळतं. कदाचित रात्रभर फरशीवर पडून राहीन. कदाचित तशीच मरेन. नर्सिंग होममध्ये मी जास्त दिवस जगेन, तेही मान्य. तिथे मला टीव्हीसमोर बसवतील आणि डार्लिंग म्हणतील. मला इथली फरशी परवडली." कॅरनने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला आणखी काही विचारायचं नाही." माझा जीव भांड्यात पडला.

जेरेमी मात्र बाहेर येऊन माझ्यावर भडकला. "डॉक्टर, ती पडली तर जबाबदार कोण?" म्हटलं, "तीच." ते एक घाव दोन तुकडे उत्तर होतं, पण रात्री मला झोप लागली नाही हेही सांगते. खाली पलंग आणला, गळ्यात मदतीचं बटण दिलं, सकाळ-संध्याकाळ घरी येऊन बघणारी केअरर ठरवली. तरी त्या परत पडल्याच. एकदा सकाळी केअररला फरशीवर सापडल्या. म्हटलं, सुधाबाई, तुमचं मत चुकलं तर हे असं असतं. विनीबाईंना उठवलं तर म्हणतात, "त्यात काय, चांगली उशी मिळाली होती, मांजर होतं."

जेरेमी आता दर महिन्याला यायला लागला. आधी तो यायचा, काळजी करायचा आणि जायचा. आता कोट काढून राहायचा. आत्याला बोलतं करायचा, थोरल्या पेलिंगांच्या, आजोबांच्या, वडिलांच्या गोष्टी विचारायचा. एकदा दोन्ही मुलींना घेऊन आला. दोन्ही टीनएजर, नाकात रिंग, पण सिंकपाशी अशा गुमान उभ्या राहिल्या की मला गंमत वाटली.

विनीबाई गेल्या त्या दिवसाचं सांगते आणि थांबते. हृदय हळूहळू हात टेकत होतं. पायावर सूज, श्वासाला धाप. हॉस्पिटल नको, हे त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. मी मॉर्फिन सुरू केलं आणि जेरेमीला फोन केला, "आजच निघा." तो दुपारी टॅक्सीतून उतरला तेव्हा मी बाजूच्या दाराशीच उभी होते. विनीबाई मधूनच डोळे उघडत होत्या, आणि दर वेळी मधलं अंतर वाढत होतं.

"तसेच आत जा," मी म्हटलं. "वेळ थोडा आहे."

त्याने मधल्या खोलीत कोट काढला, हुकाला लावला आणि नळ सोडला. त्या नळाला गरम पाणी यायला युग लागतं. त्याने गार पाण्यातच साबण घेतला. मी म्हटलं, "जेरेमी, प्लीज!" त्याने ओठांवर बोट ठेवलं, साबणाचं. बोटं, नखं, मनगटं, सगळं धुतलं. मग आत गेला.

विनीबाईंनी डोळे उघडले. थोडा वेळ त्याच्या ओल्या हातांकडे बघत राहिल्या.

"वेडा आहेस का?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "या घरात आता जपावं असं कोण राहिलंय? सरळ यायचंस."

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला.

"तू आहेस की," तो म्हणाला.